हातोड्याचं डोकं ढिलं झालंय? डोक्यावर ठोकू नका

लाकडी दांड्याचा हातोडा डुगडुगायला लागला की बरेच जण डोकं धरून वरून ठोकतात. त्यापेक्षा जडत्वाला काम करू द्या.

हातोडा उलटा धरा, डोकं खाली आणि हवेत लोंबकळतं. डाव्या हाताने दांडा मधोमध सैलसर धरा आणि दांड्याच्या वरच्या मोकळ्या टोकावर लाकडी मोगरीने सरळ, खणखणीत फटके मारा. दांडा झटक्याने खाली सरकतो, पण अर्ध्या किलोचं लोखंड स्थिर राहू पाहतं. म्हणून दांडा डोक्यात आणखी आत घुसतो. आठ-दहा फटक्यांत दांड्याचं टोक भोकाबाहेर डोकावताना दिसतं. न्यूटनने 1687 साली मांडलेला पहिला नियम तो हाच. डोकं मात्र फरशीवर टेकवू नका. बाहेर येणारं टोक फरशीला अडतं आणि चिरतं. हळू दाबूनही उपयोग नाही, कारण मग डोकं दांड्याबरोबरच सरकतं. झटका हवा.

पुढे आलेलं लाकूड कापून टाका आणि बाभळीसारख्या कडक, पूर्ण वाळलेल्या लाकडाची पाचर ठोका. ओली पाचर वाळली की आकसते.

हातोडा रात्रभर पाण्यात ठेवायचा उपाय मला पटत नाही. लाकूड फुगतं, भोकात चेपतं आणि वाळल्यावर आधीपेक्षा ढिलं होतं.

टिकावाचं उलट असतं. त्याचा दांडा वरून घालतात, जाड टोक वर राहतं. ते जाड टोक खाली करून दगडावर आपटा. दांडा थांबतो, लोखंड खाली येत राहतं आणि जाड भागावर घट्ट बसतं. बारीक टोक आपटलंत तर टिकाव सुटून थेट हातावर येईल.