फ्लायवर पाइक धरायला निघालात? या चुका टाळा

नेदरलँड्समध्ये आम्स्टलफेन, उत्रेख्त किंवा द हेगच्या आसपास राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींना पाइक या शिकारी माशाचं उत्तम पाणी सायकलच्या टप्प्यात आहे. या शहरांच्या मधल्या सखल पोल्डर प्रदेशात, म्हणजे पाणी उपसून मिळवलेल्या बांधबंदिस्त जमिनीत, शेतांच्या कडेने अरुंद चर आणि कालवे गेलेत. पुष्कळ ठिकाणी पाणी जेमतेम मीटर-दीड मीटर खोल असतं. पाइक काठच्या गवतात किंवा कमळाच्या पानांखाली निश्चल उभा असतो आणि जवळून जाणाऱ्या माशावर एका झेपेत तुटून पडतो. गावाकडे मरळ धरलेल्या माणसाला ही चाल लगेच ओळखू येईल. फ्लाय रॉडने, म्हणजे पिसं-धाग्यांचं नकली आमिष (फ्लाय) दोरीच्या वजनाने फेकणाऱ्या काठीने, सुरुवात करायला याहून सोयीचं पाणी मिळणं अवघड. तरी नवखे लोक रिकाम्या हाताने परततात, किंवा मासा लागतो आणि जखमी होऊन सुटतो. ही दुसरी गोष्ट जास्त वाईट. पाइक दिसतो उग्र, पण माणसाच्या हातात आला की फार नाजूक असतो. खालच्या बहुतेक चुकांची किंमत तोच मोजतो.

ट्राउटच्या सामानावर भागवणं

घरात ट्राउट माशासाठीचा ५ नंबरचा रॉड आहे (नंबर जितका मोठा, तितकी दोरी जड), तोच नेऊ, असं वाटणं साहजिक आहे. पण १५-२० सेंटिमीटरची भिजलेली फ्लाय त्या हलक्या दोरीला ओढून नेता येत नाही. ती अर्ध्या वाटेत पाण्यात आपटते. शिवाय मऊ रॉडवर मोठा पाइक फार वेळ खेळवावा लागतो. तो पुरता दमतो, आणि सोडल्यावर पोहत गेला तरी नंतर मरू शकतो. ९ फुटी, ८ किंवा ९ नंबरचा रॉड घ्या. दोरी पुढच्या टोकाकडे वजन असलेली, मोठ्या फ्लायसाठी बनवलेली हवी. पोल्डरमध्ये तरंगती दोरी पुरते. खोल कालव्यात किंवा तळ्यात सावकाश बुडणारी इंटरमीजिएट उपयोगी पडते. रीळवर फार खर्च करू नका. चरातला पाइक लांब पळत नाही, ते पैसे दोरीत घाला.

वायर टाळणं

पाइकच्या तोंडात शेकडो दात असतात. खालच्या जबड्यावरचे सुळ्यासारखे, टाळूवरचे बारीक आणि आत वळलेले. साधी नायलॉन दोरी त्यावर एकदा घासली की संपली. जाड फ्लुरोकार्बनचा (चिवट प्लास्टिकचा) धागा बरेच जण वापरतात आणि तो पुष्कळदा टिकतोही. पण 'पुष्कळदा' एवढ्या भरवशावर एखाद्या माशाच्या घशात ४/० चा, म्हणजे चांगला मोठा, गळ अडकवून ठेवणं मला पटत नाही. फ्लायच्या आधी किमान ३० सेंटिमीटर गाठ मारता येणारी स्टीलची किंवा टायटॅनियमची वायर लावाच.

लीडर, म्हणजे दोरीच्या टोकाला फ्लायच्या आधी जोडलेला धागा, लांब आणि निमुळता ठेवणं ही याच प्रकारची दुसरी चूक. पाइकला लांब, नाजूक लीडरची गरज नाही, आणि जड फ्लाय त्यावर उलगडतही नाही. साधारण दीड मीटर, अर्धा मिलिमीटर जाडीचा सरळ तुकडा, पुढे वायर. वायरला पीळ किंवा मुरड पडली की ती तिथेच तुटते, म्हणून प्रत्येक माशानंतर ती बोटांखालून फिरवून पाहा.

जोर लावून फेकणं

फ्लाय पडत नाही म्हणून माणूस हात अधिक जोरात हलवतो, हवेत पाच-सहा फेऱ्या मारतो, आणि दोरीचा गुंता डोक्यावर येतो. जड फ्लायला जोर नको, ताण हवा. रॉड मागे नेताना थोडा बाजूने, पुढे आणताना वरून, असा गोलसर फिरवला तर दोरी कुठेही सैल पडत नाही. एक-दोन फेऱ्यांत सोडून द्या. पोल्डरमध्ये १०-१५ मीटर पुष्कळ झाले, कारण मासा बहुधा समोरच्या किंवा तुमच्याच काठाला असतो. म्हणून पहिली फेक पाण्यापासून दोन पावलं मागे राहून, काठाला समांतर. सरळ काठावर जाऊन उभं राहिलं की पायाखालचाच मासा पळतो. मऊ पीटच्या (कुजलेल्या वनस्पतींच्या) जमिनीतून पावलांचा हादरा पाण्यात पोचतो.

फ्लाय फारच जड वाटत असेल तर ती कशाची आहे ते बघा. सशाच्या कातडीची पट्टी पाण्यात सुरेख हलते, पण खूप पाणी पिते. सिंथेटिक धाग्यांची फ्लाय एका फेरीत पाणी झटकते. नवख्याने तिनेच सुरुवात करावी. आणि चष्मा, टोपी याशिवाय एकही फेक नको. वारा फेकणाऱ्या हाताच्या बाजूने असेल तर गळ थेट चेहऱ्याकडे येतो.

मासा लागतो आणि सुटतो

सगळ्यांत जास्त मासे इथे जातात. ट्राउटची सवय असलेला माणूस झटका बसला की रॉड वर उचलतो. रॉड वाकतो, जोर त्या वाकण्यात जिरतो, आणि पाइकच्या हाडकट तोंडात गळ रुततच नाही. मासा नुसता फ्लाय दातांत धरून असतो. तोंड उघडलं की गेला. त्यामुळे दोरी ओढताना रॉडचं टोक पाण्याला टेकलेलं आणि फ्लायच्या दिशेने सरळ ठेवा. मासा आला की डाव्या हाताने दोरी लांब आणि कडक ओढा, वजन जाणवलं की पुन्हा एकदा ओढा, आणि मगच रॉड उचला.

तरीही सुटत असेल तर गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर टेकवा. घसरलं तर ते बोथट आहे, कानस फिरवा. गळाच्या पोटात धाग्यांची गर्दी झाली असेल तर तीही कापून मोकळी करा, नाहीतर टोक माशापर्यंत पोचत नाही.

मासा मागे येतो, पण घेत नाही

हे दृश्य पाहून हात थांबतात, आणि नेमकं तेच नको. तसंच एका लयीत ओढत राहणंही नको. फ्लाय एकदम जोरात ओढा, मग क्षणभर सोडा. ती लटकत राहते तेव्हाच पुष्कळ हल्ले होतात. पायाशी आल्यावर लगेच उचलू नका. रॉडचं टोक पाण्यात घालून इंग्रजी आठच्या आकड्यासारखी वळणं घ्या, फ्लाय त्यामागून फिरू द्या. तरी मासा वळून गेला तर ती जागा लक्षात ठेवा, पाच-दहा मिनिटं सोडा, आणि लहान किंवा वेगळ्या रंगाची फ्लाय घेऊन परत या. गढूळ पाण्यात काळा, नारिंगी, भडक हिरवट-पिवळा. स्वच्छ पाण्यात पांढरा-चंदेरी.

शरदात चरांची साफसफाई होते आणि गवत एका दिवसात नाहीसं होतं. कालचा मासा तिथे शोधत बसू नका. पुलाखाली, नळ्यांच्या तोंडाशी, दोन चर मिळतात त्या कोपऱ्यांत फेका.

हातात आल्यावर घाई-गडबड

लांब चिमटा, वायर कापायची पक्कड, मोठं रबरी जाळं आणि ओली करून ठेवलेली चटई, हे पहिला मासा लागण्याआधी जवळ हवं. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा चिमट्याने दाबून सपाट केलेला असेल तर बहुतेक गळ जाळ्यात, पाण्यातच निघतो. खोल गेला असेल तर ओढाताण नको, पकडीने गळच कापा. जबडा फाकवायची जुनी स्प्रिंग वापरू नका, ती तोंड फाडते. डोळ्यांवर दाबून धरणं आणि जबड्याने उभा लटकवून फोटो काढणं, दोन्ही वाईट. फोटो हवाच असेल तर मासा आडवा, पोटाखाली हात, जमिनीच्या जवळ, आणि मोबाइल आधीच कुणाच्या तरी हातात. सोडताना शेपटीच्या मुळाशी हलकेच आधार द्या; तो स्वतःहून जाईपर्यंत सोडू नका.

आपल्याकडे धरलेला मासा घरी नेण्याची सवय असते. इथल्या बऱ्याच पाण्यांवर पाइक परत सोडणं हा नियम आहे, आणि चरासारख्या छोट्या पाण्यातून एक मोठी मादी गेली तरी फरक पडतो.

चुकीच्या महिन्यात जाणं

नेदरलँड्समध्ये १ मार्चपासून मे महिन्याच्या शेवटच्या शनिवारपर्यंत पाइक धरायला बंदी असते. त्या काळात तो उथळ गवतात अंडी घालतो. एप्रिल-मेमध्ये तर अडीच सेंटिमीटरपेक्षा मोठी फ्लाय वापरण्यावरही बंदी असते. फिसपास नावाचा परवाना वर्षभर लागतो, तो स्थानिक मासेमारी संघटनेतून मिळतो, आणि कुठल्या चरात तो चालतो ते फिसप्लॅनर अ‍ॅपवर तपासून घ्यावं. भर उन्हाळ्यात बंदी नसते, पण पाणी २० अंशांच्या वर गेलं की त्यात प्राणवायू कमी होतो आणि दमलेला पाइक सावरत नाही. ते आठवडे गवतावर फेकीचा सराव करा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम.