रोज जीभ खरवडूनही तोंडाला वास येतो? या चुका टाळा

तोंडाला वास येतो म्हटलं की घरात आधी निघते ती त्रिफळा चूर्णाची बाटली. ‘पोट साफ नाही’ हे निदान आपल्याकडे इतकं पक्कं बसलंय, की आरशासमोर जीभ बाहेर काढून बघायचं कुणाला सुचत नाही. बहुतेकांच्या बाबतीत वास तोंडातच तयार होतो आणि त्याचं मोठं ठिकाण म्हणजे जिभेचा मागचा भाग. तिथल्या खाचांमध्ये अन्नाचे कण, झडलेल्या पेशी, नाकातून घशात उतरणारा कफ असं सगळं साठतं. हवेशिवाय वाढणारे जिवाणू त्यातली प्रथिनं कुजवतात आणि हायड्रोजन सल्फाइडसारखे गंधकयुक्त वायू सुटतात. सडक्या अंड्याचा वास याच वायूचा.

आता आपण जीभ कशी साफ करतो ते आठवा. पुढची अर्धी जीभ खसाखसा घासायची, उमासा आला की थांबायचं. म्हणजे मूळ जागा तशीच राहते! जीभ पूर्ण बाहेर काढा, श्वास हळूहळू सोडत टंग क्लीनर जमेल तितका मागे टेकवा आणि हलक्या हाताने पुढे ओढा. प्रत्येक वेळी धुवा. तीन-चार वेळा पुरे. उमासा येत असेल तर मधून सुरुवात करा आणि रोज थोडं थोडं मागे सरका. आठवडाभरात सवय होते. हे काही खाण्याआधी केलेलं बरं.

जोर लावणं ही दुसरी चूक. रक्त येईपर्यंत खरवडलं तर जीभ सोलवटते, तिखट झोंबतं, मग चार दिवस आपण तिला हातच लावत नाही. चरकसंहितेत जीभ खरवडण्यासाठी सोनं, चांदी, तांबं, कथील, पितळ असे धातू सांगितले आहेत आणि पट्टी धारदार नसावी, वाकलेली असावी असंही म्हटलं आहे. धार नको, हे आजही तितकंच खरं. तांब्याची पट्टी काळवंडली तर चिंचेने घासा. कडेला चरे पडले असतील तर सरळ टाकून द्या.

मिश्रीबद्दल मात्र मी स्पष्ट बोलणार आहे. ‘दात स्वच्छ राहतात, तोंड मोकळं होतं’ म्हणून आपल्या कितीतरी आया, मावश्या दिवसातून दोन-तीनदा मिश्री लावतात. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. त्याने तोंड स्वच्छ होत नाही, हिरड्या खराब होतात आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. घरात कुणी लावत असेल तर न रागावता, पण पुन्हा पुन्हा सांगा.

बडीशेप, लवंग, माउथवॉश यांनी वास थोडा वेळ झाकला जातो. अल्कोहोल असलेल्या माउथवॉशने काहींचं तोंड आणखी कोरडं पडतं. क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश डॉक्टरांनी सांगितलं तेवढेच दिवस वापरा, नाहीतर दातांवर तपकिरी डाग पडतात. कोरडं तोंड हेही वासाचं एक मोठं कारण आहे. रात्री लाळ कमी सुटते म्हणून सकाळी वास जास्त; निर्जळी उपवासाला, तोंडाने श्वास घेणाऱ्यांना आणि ॲलर्जीच्या काही गोळ्यांनीही तेच होतं. पाणी पीत राहा. कवळी असेल तर रात्री काढून, घासून पाण्यात ठेवा.

तळहातावर फुंकर मारून वास कळत नाही, कारण स्वतःच्या वासाला नाक सरावलेलं असतं. उलटा चमचा जिभेच्या मागच्या भागावरून हलकेच फिरवा, काही सेकंद थांबा आणि हुंगा.

दोन आठवडे नीट जीभ साफ करूनही वास राहिला तर चूर्णाकडे न वळता दातांच्या डॉक्टरांकडे जा. ब्रश करताना रक्त येणं, दातात अन्न अडकणं, घट्ट बसलेलं कीटण, किडलेली दाढ, यातलं काहीतरी बहुधा सापडतं. मधुमेह असलेल्या माणसाच्या श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास येऊन उलट्या किंवा धाप सुरू झाली, तर त्याच क्षणी दवाखाना गाठा. आणि जिभेवर किंवा गालाच्या आत खरवडूनही न निघणारा पांढरा चट्टा दिसला, त्यातून तंबाखू किंवा मिश्रीची सवय असेल, तर तो दुखत नाही म्हणून थांबू नका. याच आठवड्यात दाखवा.