जेलवर प्लाझ्मिड येत नाही? आधी फ्लास्क बघा

निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागेतली माती आणायची, ८० अंशांवर दहा मिनिटं तापवायची, तगलेल्या बीजाणूंतून बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा कीडनाशक जिवाणू वेगळा करायचा. इथवर सगळं सुरळीत होतं. गाडी अडते ती प्लाझ्मिडपाशी, म्हणजे गुणसूत्राबाहेरचं गोल डीएनए वेगळं काढून जेलवर बघताना, आणि मग दोष ते काढायच्या किटला दिला जातो.

खरी चूक बहुतेक वेळा आदल्या रात्रीची असते. ई. कोलाय या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या जिवाणूच्या सवयीने कल्चर रात्रभर वाढवलं जातं. सकाळपर्यंत बऱ्याच पेशी बीजाणू बनवायला लागलेल्या असतात, आणि बीजाणूचं कवच लायसोझाइमला (पेशीभिंत तोडणारं एन्झाइम) किंवा एसडीएसला (डिटर्जंट) दाद देत नाही. ताज्या माध्यमात शंभरास एक या प्रमाणात कल्चर घाला, ३० अंशांवर जोरात हलवा आणि ओडी (कल्चरचा गढूळपणा) ०.८ ते १ झाली की थांबा. फेज कॉन्ट्रास्ट सूक्ष्मदर्शकाखाली चमकदार ठिपके, म्हणजे बीजाणू, दिसले तर उशीर झालाय. ते कल्चर वापरू नका.

आपल्याकडे मे महिन्यात आणखी एक घात होतो. कूलिंग नसलेला शेकर (कल्चर हलवत वाढवायचं यंत्र) खोलीपेक्षा थंड राहूच शकत नाही. खोली ३८ अंशांवर असेल तर आतलं तापमान सहज ४२ च्या आसपास जातं. प्लाझ्मिड मुद्दाम घालवायचं असेल तेव्हा आपण नेमकं हेच तापमान वापरतो! म्हणून थर्मामीटर आत ठेवून बघाच.

लायसोझाइमशिवाय अल्कलाइन लायसिस (अल्कलीने पेशी फोडणं) करू नका. या जिवाणूची भिंत जाड असते. ३७ अंशांवर अर्धा तास तरी द्या. त्यानंतर व्हॉर्टेक्स अजिबात नको. याच जिवाणूच्या इस्राएलेन्सिस या उपप्रकाराचं पीबीटॉक्सिस हे प्लाझ्मिड सुमारे १२८ किलोबेसचं आहे, असा लांब धागा बारीक टिपमधून ओढला की तुटतो. टिपचं टोक कापा, नळी हलकेच उलटी-सुलटी करा. किटमधल्या साध्या कॉलममधून एवढी मोठी प्लाझ्मिडं नीट निघतही नाहीत. कीडनाशक प्रथिनाचं क्राय जनुक बहुधा मोठ्या प्लाझ्मिडवरच असतं, पण जेलवर फक्त छोटी दिसतात, आणि 'क्राय जनुक गुणसूत्रावर आहे' असा निष्कर्ष प्रबंधात जातो. हे वाचून मला फार वाईट वाटतं, कारण पोराची सहा महिन्यांची मेहनत त्यात असते.

पट्टे मोजून प्लाझ्मिडं मोजू नका. एकच प्लाझ्मिड सुपरकॉइल्ड (पीळ घट्ट बसलेलं), निक झालेलं (एक धागा तुटलेलं) आणि सरळ अशा तीन रूपांत तीन जागी दिसतं. सरळ डीएनएच्या लॅडरशी (ज्ञात आकारांच्या पट्ट्यांशी) सुपरकॉइल्ड पट्टा ताडला तर आकार चुकणारच. एकदाच कापणाऱ्या एन्झाइमने सरळ करा, मग मोजा. मोठ्यांसाठी त्यांना सरळ करणारं एस-वन न्यूक्लिएज हे एन्झाइम आणि लांब डीएनए वेगळं करणारं पल्स्ड फील्ड जेल. वीस किलोबेसजवळचा धूसर, जाड पट्टा गुणसूत्राच्या तुकड्यांचा असू शकतो. प्लाझ्मिड घालवलेला स्ट्रेन शेजारच्या लेनमध्ये चालवला की ते लगेच कळतं.