तैवान, तालिबान आणि संयुक्त राष्ट्रांची खुर्ची: लिहिताना या चुका टाळा

नोव्हेंबर २०२४ मध्ये तालिबानने मुंबईतल्या अफगाण वाणिज्य दूतावासात आपला माणूस नेमला. अशी बातमी हाती आली की ‘भारताची तालिबानला मान्यता’ असा मथळा ठोकून देण्याचा मोह होतो. आवरा. परराष्ट्र पानावरच्या बातम्यांत आणि स्पर्धा परीक्षांच्या उत्तरांत याच जातीच्या चुका सर्रास सापडतात.

सगळ्यात मोठी गफलत म्हणजे मान्यता आणि सदस्यत्व एकाच पारड्यात टाकणं. मान्यता देणं ही ज्या त्या देशाची मर्जी. संयुक्त राष्ट्रं कुठल्याही सरकारला मान्यता देत नाहीत. तिथे प्रश्न एवढाच असतो की अमुक देशाच्या खुर्चीवर कोणी बसायचं. भारताने पेकिंगच्या (आताचं बीजिंग) कम्युनिस्ट सरकारला ३० डिसेंबर १९४९ रोजीच मान्यता दिली. तरी पुढे जवळजवळ २२ वर्षं चीनच्या खुर्चीवर, नकाराधिकारासकट, यादवी युद्ध हरून तैवानला गेलेल्या आणि तिथल्या तैपेईत बसलेल्या चँग कै-शेक सरकारचा प्रतिनिधी होता. १९६२ चं युद्ध होऊनही भारताने पेकिंगचा दावा उचलून धरणं सोडलं नाही, हे आज अनेकांना खरं वाटत नाही.

दुसरी चूक याच प्रकरणातली: ‘१९७१ मध्ये तैवानचं सदस्यत्व रद्द झालं.’ नाही झालं. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या कलम ६ प्रमाणे सदस्याची हकालपट्टी करायला सुरक्षा परिषदेची शिफारस लागते, आणि परिषदेत नकाराधिकार घेऊन चँग यांचेच लोक बसलेले. म्हणून वाद वेगळ्या दाराने आणला गेला: चीन सदस्य आहेच, पण त्याच्या वतीने बोलायचं कोणी? २५ ऑक्टोबर १९७१ च्या रात्री आमसभेत आधी कार्यपद्धतीवर मतदान झालं. हा ‘महत्त्वाचा प्रश्न’ मानून दोन तृतीयांश बहुमत लागावं, ही अमेरिकेची खटपट. ती ५५ विरुद्ध ५९ मतांनी फसली, १५ देश तटस्थ राहिले. निकाल कळल्यावर तैपेईचं शिष्टमंडळ मुख्य मतदानाची वाट न बघता सभागृहातून निघून गेलं. मग ठराव २७५८ मंजूर झाला: बाजूने ७६, विरोधात ३५, तटस्थ १७. भारताचं मत बाजूने. गंमत अशी की ७६ मतं दोन तृतीयांशाहून जास्तच भरतात. पण पहिला निकाल उलटा लागता तरी दुसऱ्यात हेच आकडे पडले असते, असं धरून चालू नका. वारं फिरलं की कुंपणावरचे उड्या मारतात.

या ठरावात ‘तैवान’ हे नाव कुठेच नाही. पेकिंग सरकारचे प्रतिनिधी हेच चीनचे एकमेव कायदेशीर प्रतिनिधी मानावेत आणि ‘चँग कै-शेक यांचे प्रतिनिधी’ बाहेर काढावेत, एवढंच म्हटलंय. त्यामुळे तैवान चीनचा भाग असल्याचं या ठरावाने ठरलं, हे बीजिंगचं म्हणणं. ठराव फक्त खुर्चीपुरता, हे वॉशिंग्टनचं. कोणाचं म्हणणं ते सांगूनच लिहा. सनदेच्या कलम २३ मध्ये सुरक्षा परिषदेचा कायम सदस्य म्हणून आजही ‘चिनी प्रजासत्ताक’ हेच, म्हणजे चँग यांच्या राजवटीचं, नाव आहे. मजकूर कोणी बदललेलाच नाही.

‘राजधानी ज्याची, खुर्ची त्याची’ हेही डोक्यातून काढा. जानेवारी १९७९ मध्ये व्हिएतनामी फौजांनी कंबोडियाचा हुकूमशहा पोल पॉट याला राजधानी नॉम पेन्हमधून हुसकलं. १५ ते २० लाख माणसांच्या मृत्यूला कारण ठरलेली ही राजवट. तरी त्याच सप्टेंबरात आमसभेने तिचीच अधिकारपत्रं (देशाच्या वतीने कोण बसणार हे सांगणारी कागदपत्रं) ७१ विरुद्ध ३५ मतांनी ग्राह्य धरली. व्हिएतनाम आणि त्यामागच्या सोव्हिएत संघाला धडा शिकवायचा होता, बाकी काही नाही. भारताने मात्र जुलै १९८० मध्ये नॉम पेन्हमधल्या, व्हिएतनामने बसवलेल्या हेंग साम्रिन सरकारला मान्यता दिली. १९९६ नंतर काबूल तालिबानच्या हाती, पण अफगाणिस्तानची खुर्ची त्यांनी हुसकलेल्या रब्बानी सरकारकडेच राहिली. हल्ली नऊ सदस्यांची अधिकारपत्र समिती आणखी सोपी वाट काढते: निर्णय पुढे ढकलायचा. मग जुना प्रतिनिधी आपोआप बसून राहतो. म्यानमारचे संयुक्त राष्ट्रांतले प्रतिनिधी क्यॉ मो टुन यांनी २०२१ मध्ये आपल्याच लष्कराच्या बंडाविरुद्ध आमसभेत भाषण केलं. लष्कराने त्यांना बडतर्फ केलं, तरी खुर्ची त्यांच्याकडेच राहिली.

आता पुन्हा तालिबान. ऑक्टोबर २०२५ मध्ये भारताने काबूलमधल्या आपल्या ‘तांत्रिक पथका’ला दूतावासाचा दर्जा परत दिला. तरी औपचारिक मान्यतेची घोषणा केली नाही. रशियाने ती जुलै २०२५ मध्ये केली, आणि २०२१ मध्ये परतलेल्या तालिबानसाठी अशी करणारा तो पहिला देश. कचेरी उघडली म्हणजे मान्यता दिली असं असतं, तर मुंबईत तैपेईचं आर्थिक व सांस्कृतिक केंद्र २०२४ मध्ये उघडलं तेव्हाच दिल्लीने तैवानला मान्यता दिली असती.

शेवटचं, नावांबद्दल. एका संस्थेत लागू असलेलं दुसरीत चालेलच असं नाही. जागतिक व्यापार संघटनेत तैवान २००२ पासून सदस्य आहे, कारण तिथे देश असण्याची अटच नाही, स्वतंत्र सीमाशुल्क क्षेत्र, म्हणजे आयात-निर्यातीवरचा कर स्वतः ठरवणारा प्रदेश, असणं पुरतं. ऑलिंपिकमध्ये ते ‘चायनीज तैपेई’. पदकतालिका छापताना हेच नाव द्या आणि कंसात तैवान लिहा, म्हणजे वाचकाला शोधत बसावं लागणार नाही.