चित्रातील मोलकरीण कशी पाहावी

युरोपातील जुन्या चित्रांत मोलकरणी पुष्कळ दिसतात. मात्र ती चित्रे बहुधा मोलकरीण ठेवण्याची ऐपत असलेल्या घरांच्या भिंतींसाठी रंगवलेली असत, हे ध्यानात ठेवूनच ती पाहावीत.

सुरुवातीला १६६० च्या सुमारास व्हर्मीर या डच चित्रकाराने रंगवलेली, दूध ओतणारी मोलकरीण घ्यावी. हे चित्र ॲमस्टरडॅमच्या राइक्स म्युझियममध्ये आहे. ते जेमतेम ४५ सेंटिमीटर उंच असल्यामुळे संग्रहालयाच्या संकेतस्थळावर मोठे करून पाहणेच सोयीचे. चेहऱ्याआधी हात पाहावेत. बाह्या वर सारलेल्या आहेत, मनगटापासून खालची कातडी रापलेली आहे आणि वरची फिकट. म्हणजे हे हात रोज उघड्यावर आणि पाण्यात राबणारे आहेत, एवढे तरी चित्रकाराने नेमके टिपले आहे. मग भिंतीकडे वळावे. तिथे आज फक्त एक खिळा आणि काही भोके दिसतात. पण २०२२ मध्ये जाहीर झालेल्या तपासणीत रंगाखाली आधी काढलेली, सुरया अडकवण्याची फळी आढळली. चित्रकाराने काय गाळले, हेही वहीत नोंदवावे, कारण सामान कमी झाल्यामुळेच नजर त्या बाईवर खिळते. जमिनीलगतच्या फरशीवर मदनाची आकृती आहे आणि तिच्यावरून काही अभ्यासक मोलकरणीच्या मनातील प्रेमविचारांपर्यंत पोहोचतात. मला तो पुरावा हातांच्या मानाने फारच तोकडा वाटतो.

यानंतर निकोलास मास या डच चित्रकाराचे १६५५ मधील चित्र शेजारी ठेवावे. ते लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्यात मोलकरीण बसल्या जागी झोपली आहे, खरकटी भांडी जमिनीवर पसरली आहेत, मांजर पक्षी पळवते आहे आणि मालकीण आपल्याकडे हसून पाहत तिच्याकडे हात दाखवते आहे. तो हात आपल्याला कोणाच्या बाजूला उभे करतो, हा प्रश्न इथे विचारावाच लागतो.

शेवटी कागदपत्रांकडे जावे. व्हर्मीरच्या सासूच्या घरी तानेके एव्हरपूल नावाची मोलकरीण होती. व्हर्मीरचा मेव्हणा आपल्या गरोदर बहिणीवर, म्हणजे व्हर्मीरच्या पत्नीवर, धावून जाई आणि तानेके त्याला अडवी, असे नोटरीपुढील जबानीत नोंदलेले आहे. दूध ओतणारी बाई हीच असावी, असे पुष्कळदा लिहिले जाते. त्याला आधार नाही, म्हणून या दोघींची टिपणे स्वतंत्र ठेवावीत. एदुआर माने या फ्रेंच चित्रकाराच्या १८६३ मधील ‘ऑलिम्पिया’ या चित्रातही हाच भेद पाळावा: पुष्पगुच्छ घेऊन उभी असलेली कृष्णवर्णीय दासी ही चित्रातील भूमिका, तर तिच्यासाठी उभी राहिलेली लॉर ही पॅरिसमधील खरी स्त्री, जिचे नाव आणि पत्ता मानेने आपल्या वहीत टिपून ठेवला होता.