पहिलीच्या वर्गात वाचनाची सुरुवात कशी करावी

विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात आणि दिवाळीपर्यंत हाताशी जेमतेम चार महिने उरतात, त्यामुळे पहिलीच्या शिक्षकाला मुळाक्षरे भराभर उरकण्याचा मोह होतो. नागपुरात पहिलीचा वर्ग सांभाळताना मीही सुरुवातीची काही वर्षे 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंत क्रमानेच जात असे. मुले बाराखडी तालासुरात म्हणत. परंतु फळ्यावरच्या एकट्या 'कि'वर बोट ठेवले की 'क, का, कि' असे पुटपुटत तिथवर पोहोचत. ते वाचन नव्हते, पाठांतर होते.

म्हणून पहिले दोन आठवडे अक्षर दाखवूच नये, कान तयार करावा. मुलांच्या तोंडी असलेले शब्द, जसे नागपुरातल्या ठिकाणांची नावे, घेऊन टाळ्यांनी तोडावेत: 'फु-टा-ळा' तीन टाळ्या, 'बर्-डी' दोन. 'कमळ' म्हणताना मुले 'क-मळ' अशा दोनच टाळ्या वाजवतील आणि ते बरोबर आहे, कारण शेवटच्या 'ळ'मधला 'अ' आपण उच्चारत नाही. पुढे तोच शब्द तीन अक्षरांत लिहिलेला दिसल्यावर मूल गोंधळते. तेव्हा 'लिहिताना तीन, बोलताना दोन' एवढे सांगणे पुरते.

त्यानंतर अक्षरे क्रमाने न घेता गटाने घ्यावीत. क, म, ल, र, न ही पाच अक्षरे आणि एक काना, एवढ्या भांडवलावर कान, नाक, काम, मका, लाल, नाला, कमान हे शब्द आणि 'मामा, काम कर' हे आख्खे वाक्य तयार होते. पहिल्याच महिन्यात स्वतः वाक्य वाचल्यावर मुलाच्या चेहऱ्यावर जे दिसते, ते महिनाभर बाराखडी घोकून दिसत नाही. मात्र संत्र्याचे चित्र नागपूरच्या वर्गात कितीही शोभत असले, तरी 'संत्री' हा शब्द अनुस्वार आणि जोडाक्षर या दोन्हींमुळे अवघड आहे. चित्र भिंतीवर राहू द्यावे, शब्द वर्षाच्या उत्तरार्धात वाचायला द्यावा. च, ज, झ ही अक्षरेही थोडी मागे ठेवावीत, कारण 'चार' आणि 'चारा' यांतला 'च' दिसतो एक आणि ऐकू येतो वेगळा.

दिसायला सारखी असलेली अक्षरे, म्हणजे भ-म, घ-ध, ब-व, एकाच आठवड्यात शिकवू नयेत. ऱ्हस्व वेलांटी हा वेगळाच पेच आहे, कारण ती लिहिली जाते अक्षराच्या आधी आणि ऐकू येते नंतर. येथे मी वेलांटी बोटाने झाकून आधी 'क' म्हणवून घेते, मग बोट उचलते. चार-पाच दिवसांत मुले स्वतःच झाकू लागतात.

नागपूरच्या वर्गात आणखी दोन गोष्टींचे भान हवे. 'डोळा' हा शब्द पाहून मूल 'डोया' म्हणाले, किंवा कोथिंबिरीचे चित्र पाहून 'सांबार' म्हणाले, तर ती वाचनातली चूक समजू नये. पहिल्या वेळी त्याने अक्षर ओळखून घरच्या उच्चारात वाचलेले असते, दुसऱ्या वेळी आपल्याकडचाच शब्द सांगितलेला असतो. 'तुम्ही डोया म्हणता, पुस्तकात डोळा लिहितात' असे सहज सांगावे, टोकू नये. दुसरे असे की, हिंदी पाट्यांमुळे मुलांना दंडयुक्त (उजवीकडे उभी रेघ असलेला) 'ल' ओळखीचा असतो, तर मराठी पुस्तकात पाकळीयुक्त (उभी रेघ नसलेला, पाकळ्यांच्या आकाराचा) 'ल' येतो. दोन्ही आकार शेजारी लिहून एकदाच दाखवले की प्रश्न मिटतो.

२०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात तिसरीच्या अखेरीस मुलाला समजून वाचता यावे, हे उद्दिष्ट आहे. त्यातला 'समजून' हा शब्द पहिलीपासूनच धरावा. वाक्य वाचून झाल्यावर 'काम कोणाला करायला सांगितलं?' एवढे तरी विचारावे आणि रोज दहा मिनिटे शिक्षकाने स्वतः गोष्ट वाचून दाखवावी.

तपासणीसाठी पुस्तकातला धडा वापरू नये, तो मुलांना पाठ झालेला असतो. शिकवलेल्या अक्षरांतूनच 'लानक', 'कानार' असे निरर्थक शब्द फळ्यावर लिहावेत आणि एकेकाला जवळ बोलावून वाचायला सांगावे. जो अडखळेल त्याला पुढचा गट देऊ नये. अक्षर ओळखत नसेल तर मागच्या गटाकडे आणि अक्षरे ओळखूनही ती जोडता येत नसतील तर पुन्हा टाळ्यांकडे न्यावे.