घाट की ट्रॅक? रॅली आणि फॉर्म्युला शर्यतीपैकी आपला पिंड कशाचा आहे, हे कसे ओळखावे

कोकणातल्या ज्या तरुणाला गाडी चालवण्याची मनापासून हौस असते, त्याला आपण रॅलीसाठीच जन्मलो आहोत असे वाटत असते. त्याचे कारण उघड आहे. तो घाटात गाडी शिकलेला असतो, लाल मातीवर मागची चाके कशी सुटतात हे त्याने अनुभवलेले असते आणि सर्किट, म्हणजे शर्यतीसाठी बांधलेला बंद ट्रॅक, मात्र त्याने फक्त टीव्हीवर पाहिलेले असते. चिपळूणला माझ्याकडे गाडीच्या कामासाठी येणारी मुले याच समजुतीने पैसे साठवायला लागतात. त्यांना मी सांगतो की, हा निर्णय हौसेवर न सोपवता दोन साधे प्रयोग करून घ्यावा. पहिल्या प्रयोगाला वही लागते, दुसऱ्याला भाड्याची गो-कार्ट, आणि यातले काहीही सार्वजनिक रस्त्यावर वेगाने करायचे नाही. परवानगीशिवाय रस्त्यावर शर्यत लावणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 खाली गुन्हा आहे, आणि घाटात समोरून डंपर येतो तेव्हा कलम आठवायलाही वेळ मिळत नाही.

प्रयोगांपूर्वी मूळ फरक समजून घ्यावा. वस्तीची एसटी घेऊन वीस वर्षे त्याच गावाला जाणारा चालक आठवावा. कोणत्या फणसाच्या झाडापाशी गिअर उतरवायचा हे त्याच्या हाताला पाठ झालेले असते आणि गाडी रोज त्याच मिनिटाला तिठ्यावर येते. याउलट, मुंबईहून पाहुणे घेऊन आलेला टुरिस्ट गाडीचा चालक रात्री अनोळखी रस्त्याने वेळणेश्वरला उतरतो, तेव्हा दिव्याच्या उजेडात दिसेल तेवढ्यावर आणि शेजारच्याने सांगितलेल्या खुणांवर त्याला प्रत्येक वळणाचा अंदाज बांधावा लागतो. पहिला माणूस सर्किटचा आहे आणि दुसरा रॅलीचा. दोघांपैकी कोण अधिक कुशल, हा वाद मला निरर्थक वाटतो.

रॅलीत गाड्या एकेक करून ठरावीक अंतराने सोडतात आणि बंद केलेल्या रस्त्यावर, म्हणजे स्टेजवर, लढत फक्त घड्याळाशी असते. दोन स्टेजमधला प्रवास मात्र चालू रहदारीतून, सगळे नियम पाळून करावा लागतो, आणि टाइम कंट्रोलवर, म्हणजे वेळ नोंदवण्याच्या ठिकाणी, उशिरा पोचल्यास जसा दंड बसतो तसाच लवकर पोचल्यासही बसतो. रॅलीच्या जागतिक मालिकेत रस्ता आधी पाहून घ्यायला साधारणपणे दोनच फेऱ्या मिळतात, त्याही मर्यादित वेगाने. फॉर्म्युला शर्यतीचे गणित उलटे आहे. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर 2011 ते 2013 या काळात झालेली फॉर्म्युला वनची इंडियन ग्रां प्री ही शर्यत 60 लॅपची, म्हणजे ट्रॅकच्या 60 फेऱ्यांची होती, 5.125 किलोमीटरच्या त्या ट्रॅकवर 16 वळणे आहेत, म्हणजे शर्यत पूर्ण करणाऱ्याने एकाच दुपारी प्रत्येक वळण 60 वेळा घेतले, तेही आजूबाजूला इतर गाड्या असताना. त्या गाड्यांची चाके उघडी असतात आणि एकाचे चाक दुसऱ्याच्या चाकावर चढले तर गाडी हवेत उडते, म्हणून शेजारच्यावर किती विश्वास ठेवायचा हेही तिथे कौशल्यात धरावे लागते.

पहिला प्रयोग : वही

सड्यावरून खाडीकडे उतरणारा, कमी रहदारीचा, पाच-सहा किलोमीटरचा रस्ता निवडावा. गाडी दुसऱ्याने चालवावी, वेग तीस-पस्तीसच्या पुढे जाऊ देऊ नये आणि स्वतः वही घेऊन शेजारी बसावे. प्रत्येक वळणाला एक ते सहा असा आकडा द्यावा. प्रचलित पद्धतीत एक म्हणजे सर्वांत मंद वळण आणि सहा म्हणजे जवळजवळ सरळ. काही जण हे उलटे धरतात, पण एकदा ठरवलेली पद्धत मध्येच बदलू नये. दोन वळणांमधले अंतर मीटरमध्ये लिहावे. वळण पुढे आवळते की उघडते, आतून कापता येईल की मोरीचा कठडा आहे, चढ संपून रस्ता दिसेनासा होतो ती जागा कोणती, हे सगळे टिपावे. मी मराठीतच लिहितो, कारण घाईत जी भाषा तोंडात येते तीच उपयोगाची असते. माझ्या वहीतली एक ओळ अशी आहे : ‘डावे चार, ऐंशी, माथा, लगेच उजवे दोन आवळते, कापू नको, साकव, शंभर’. यात ‘लगेच’ हा शब्द विसरला, तर माथ्यावरून गाडी थेट पऱ्यात, म्हणजे ओढ्यात जाते.

दुसऱ्या फेरीला त्याच वेगाने जात ही वही मोठ्याने वाचावी. खरी परीक्षा इथे आहे. चालक एका वळणात असतानाच पुढच्या वळणाची सूचना त्याच्या कानावर पडली पाहिजे; फार आधी दिली तर तो विसरतो, उशिरा दिली तर ती निरुपयोगी ठरते. वाचणाऱ्याची नजर कागदावर असते, त्यामुळे आपण कुठे आहोत हे त्याला पाठीला बसणाऱ्या हेलकाव्यांवरून ओळखावे लागते. बहुतेकांना तिसऱ्या वळणानंतर गाडी लागते. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. मात्र चार-पाच वेळा करूनही लागतच असेल, तर वही वाचणाऱ्याची, म्हणजे को-ड्रायव्हरची जागा आपली नाही हे मान्य करावे. मग जागा बदलावी आणि स्वतः चालवताना, रस्ता आपल्या सवयीचा असूनही, ऐकलेल्या शब्दाप्रमाणेच गाडी वळवण्याचा सराव करावा. ज्याला सतत ‘मला दिसतंय की’ असे म्हणावेसे वाटते, त्याला रॅली अवघड जाते. आंबोलीच्या धुक्यासारख्या धुक्यात बॉनेटच्या पुढचे दिसत नाही, आणि तिथे स्टेजची वेळ ठरते ती वहीवरच्या विश्वासाने.

दक्षिणेतल्या एका रॅलीत, कॉफीच्या मळ्यातल्या स्टेजवर, मी घामेजलेल्या बोटांनी दोन पाने एकदम उलटली होती. मी ‘उजवे पाच’ म्हणालो आणि समोर डावे दोन आले. चालकाने हँडब्रेक ओढून गाडी कशीबशी वळवली, एकही शिवी दिली नाही, फक्त ‘पान?’ एवढेच विचारले. मला पान सापडेपर्यंत आम्ही सुमारे एक किलोमीटर नजरेवर चाललो आणि तेवढ्यात मिळवलेला सगळा वेळ गमावला.

दुसरा प्रयोग : तीच लॅप वीस वेळा

कोकणात सर्किट नाही, पण गोवा, मुंबई किंवा पुण्याच्या बाजूला भाड्याने गो-कार्ट मिळते. तिथे सलग वीस लॅप चालवाव्यात आणि छापील वेळा घरी आणाव्यात. सर्वांत वेगवान लॅप खोडून टाकावी, कारण तिचा मोह वाईट असतो. पहिल्या दोन-तीन लॅपही सोडाव्यात. उरलेल्या वेळांमध्ये किती फरक पडतो ते पाहावे. फरक अर्ध्या सेकंदाच्या आत असेल तर हात स्थिर आहे. दीड-दोन सेकंदांचा असेल तर कितीही वेगवान लॅप लागली असली तरी ती योगायोगाने लागली असे समजावे. पुढच्या खेपेला एकच वळण निवडून, ब्रेक लावण्याची खूण दर तीन लॅपनंतर हातभर पुढे न्यावी आणि काय बदलते ते लिहावे. हे काम कंटाळवाणे आहे. ज्याला त्या कंटाळ्यातच गोडी वाटते, त्याने सर्किटचा विचार करावा.

गो-कार्टवर न कळणारी एक गोष्ट म्हणजे हवेचा दाब. फॉर्म्युला गाडीच्या पंखांमुळे मिळणारा डाउनफोर्स, म्हणजे गाडीला खाली दाबणारा हवेचा दाब, वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. म्हणून वेगवान वळणात अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय मागे घेतला तर पकड कमी होते, आणि हे रस्त्यावर शिकलेल्या अंगाच्या अगदी विरुद्ध आहे. ब्रेकही सुरुवातीला पूर्ण ताकदीने दाबून, वेग उतरेल तसा हवेचा दाब कमी होत असल्यामुळे, हळूहळू सोडावा लागतो; तसे न केल्यास चाक अडकते. रॅलीत ब्रेक बऱ्याचदा गाडी वळवण्यासाठीच वापरतात : डाव्या पायाने ब्रेक, उजव्याने अ‍ॅक्सिलरेटर, किंवा आधी उलट्या बाजूला झोका देऊन मग वळणात फेक. मातीवर घसरण कामाची असते, फॉर्म्युला गाडीत मात्र प्रत्येक घसरण टायर तापवते आणि वेळ खाते.

पावसाबाबत आपल्या मुलांचा आत्मविश्वास खरा असतो, पण अर्धाच. जूनच्या पहिल्या सरीत धूळ आणि तेलाचा जो पातळ थर होतो तो, आणि श्रावणात झाडाखालच्या सावलीत डांबरावर येणारे शेवाळ, हे दोन्ही त्यांना ओळखता येते, आणि रॅलीत ही नजर फार मोलाची ठरते. कोरड्या मातीवर पहिली गाडी सैल खडी झाडत जाते आणि तोट्यात राहते, तर पावसात मागून येणाऱ्यांना चिखल आणि खोल चाकोऱ्या मिळतात. हा हिशोब स्टेजपूर्वीच करावा लागतो. सर्किटवर पावसाचा प्रश्न पाण्याच्या फवाऱ्याचा असतो. टायर बनवणाऱ्या पिरेली कंपनीच्या माहितीनुसार फॉर्म्युला वनचा पावसाळी टायर ताशी 300 किलोमीटर वेगाला सेकंदाला 85 लिटर पाणी बाहेर फेकतो, आणि ते मागच्या चालकाच्या समोर उडते.

शरीराची तयारीही वेगवेगळी करावी. फॉर्म्युला वनमध्ये वळणात पाच ‘जी’पर्यंत, म्हणजे वजनाच्या पाचपटीपर्यंत, बल येते, म्हणजे डोके व हेल्मेट मिळून सहा-सात किलो धरले तरी मानेला तीस किलोहून अधिक ओढ सोसावी लागते. लहान फॉर्म्युला गाड्यांत हे बल कमी असते, पण मानेचा व्यायाम पहिल्या दिवसापासून करावा. रॅलीत कंबर आणि झोप यांची परीक्षा असते : तीन-चार दिवस, पहाटेपासून, दणके खात. शिवाय हाताला तेल लागण्याची तयारी हवी. 2023 मध्ये कतारच्या फॉर्म्युला वन शर्यतीत मॅकलॅरेन संघाच्या चमूने 1.80 सेकंदांत चारही चाके बदलली. रॅलीच्या स्टेजमध्ये चाक फुटले तर दोघांनीच उतरून, जॅक लावून ते बदलायचे असते.

एकातले कौशल्य दुसऱ्यात आपोआप येत नाही. 2007 चा फॉर्म्युला वन विजेता किमी रायकोनेन 2010 आणि 2011 अशी दोन वर्षे जागतिक रॅलीत होता. त्याची सर्वोत्तम कामगिरी तुर्कस्तानातला पाचवा क्रमांक ही राहिली.

खर्चाच्या दृष्टीने रॅलीचा दरवाजा थोडा खाली आहे. एफएमएससीआय या राष्ट्रीय संघटनेचा परवाना दोन्हीकडे लागतो, पण टीएसडी (टाइम-स्पीड-डिस्टन्स) प्रकारच्या रॅलीत ठरवून दिलेला सरासरी वेग अचूक राखायचा असल्यामुळे घरची गाडी चालते. तिथे को-ड्रायव्हर म्हणून सुरुवात करणे सर्वांत स्वस्त. फॉर्म्युलासाठी कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे किंवा चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक गाठावा लागतो. 2005 मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय, नारायण कार्तिकेयन, कोइम्बतूरचाच होता, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही.

वहीचा प्रयोग नवरात्रानंतर करावा. पावसात दरडीची माती रस्त्यावर असते आणि गणपतीत रस्ता रिकामा सापडत नाही. वही स्पायरलची घ्यावी आणि पेन्सिलने लिहावे, म्हणजे दुसऱ्या फेरीला आकडे खोडून सुधारता येतात आणि घामाने अक्षर फुटत नाही. प्रत्येक पानाचा खालचा उजवा कोपरा मी कात्रीने जरा तिरका कापतो, पुढचे पान मागच्यापेक्षा थोडे जास्त बाहेर राहील असा. तेव्हापासून दोन पाने एकदम उलटलेली नाहीत.